रुळाची रुंदी आणि हमालाची पाठ

मराठवाड्याचा इतिहास लिहिणारे देवगिरीपासून सुरुवात करतात, संतांच्या गावांवरून जातात, निजामापाशी थांबतात आणि मुक्तिसंग्रामावर येऊन लेखणी ठेवतात. या इतिहासात राजे आहेत, मठ आहेत, सत्याग्रही आहेत. पहिला वाफेचा बॉयलर नांदेडात कसा आला, पहिले आगगाडीचे इंजिन लातूरच्या काळ्या मातीत कसे उतरले, हे मात्र त्यात कुठे नाही. जणू विलायतेच्या कारखान्यात तयार झालेले पंचवीस-तीस टनांचे लोखंड आपल्या पायांनी चालत इथपर्यंत आले! लोखंड चालत नाही. त्याला उचलावे लागते, सरकवावे लागते, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत घालावे लागते. हे काम कुणी केले आणि त्याचे त्यांना काय मिळाले, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी एक साधी व्यावहारिक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. एखादा माल 'अवजड' किंवा 'मापाबाहेरचा' आहे की नाही, हे मालाकडे पाहून ठरत नाही. तो ज्या वाटेने न्यायचा त्या वाटेतला सर्वांत कच्चा पूल, सर्वांत अरुंद बोगदा आणि सर्वांत अशक्त रूळ ते ठरवतो. रेल्वेच्या भाषेत अशा मालाला 'ओडीसी' म्हणतात. ठरलेल्या चौकटीच्या बाहेर डोकावणारा माल. लीड्स किंवा मँचेस्टरच्या अभियंत्याने कागदावर रेघ ओढली, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर मुंबईचा धक्का, भोरघाटाचे बोगदे आणि त्यापुढचा रूळ असावाच लागे. तेवढ्या मापात यंत्र बसत नसेल तर त्याचे तुकडे करायचे. चाके वेगळी, सांगाडा वेगळा, बॉयलर वेगळा. प्रत्येक पेटीवर खूण, आकडा, वजन आणि दोर कुठे घालायचा त्याची निशाणी. आगगाडीची इंजिने बहुधा अशीच तुकड्यातुकड्यांनी समुद्र ओलांडत. संबंध इंजिने पोटात आणि डेकवर घेऊन जाणारी खास जहाजे क्रिस्टेन स्मिथ नावाच्या नॉर्वेच्या एका जहाजमालकाने बांधली ती १९२० नंतरच्या दशकात. तोपर्यंत तुकडे जोडण्याचे काम मुक्कामावरच होई.

१८६९ साली सुएझचा कालवा झाला आणि विलायतेची वाट आखूड झाली. मुंबईत १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक उभा राहिला. धक्क्यावर यारी आली, वाफेची आणि पाण्याच्या दाबाची यंत्रे आली. मुंबईपर्यंतच्या प्रवासाचा इतिहास म्हणूनच यंत्राचा इतिहास आहे. मुंबईपासून पुढे मराठवाड्यात येईपर्यंतचा इतिहास मात्र माणसाचा आहे.

याचे कारण रुळाची रुंदी.

मुंबईहून निघणारा जी. आय. पी. रेल्वेचा रूळ साडेपाच फुटी. नांदेडला जाणारा रूळ निजामाच्या रेल्वेचा. हैदराबाद-गोदावरी खोरे लाइन या नावाने १९०० च्या सुमारास तो हैदराबादेहून नांदेड, परभणी, औरंगाबादवरून मनमाडला येऊन मिळाला. तो एक मीटर रुंदीचा. लातूरला जाणारा रूळ बार्शी लाइट रेल्वेचा. तो कुर्डुवाडीला मोठ्या रुळाला मिळे, आणि त्याची रुंदी अवघी अडीच फूट. म्हणजे नांदेडकडे जाणाऱ्या मालाचा मोठा रूळ मनमाडला संपे आणि लातूरकडे जाणाऱ्या मालाचा कुर्डुवाडीला. मोठ्या रुळाचा डबा लहान रुळावर चालत नाही. एका बाजूला भरलेला डबा, दुसऱ्या बाजूला रिकामा डबा, मध्ये फलाट. साडेपाच फूट आणि अडीच फूट यांतले जे तीन फुटांचे अंतर आहे, ते शंभर वर्षे हमालाच्या पाठीने भरून काढले.

बार्शी लाइटची कथा तिच्या कर्त्यापासून सांगावी लागते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ साली जी. आय. पी. रेल्वेत नोकरीला आला. बार्शी ही त्या काळी बालाघाटावरून उतरणाऱ्या मालाची मोठी पेठ; कापूस, गळिताची धान्ये बैलगाड्यांनी तिथे येत आणि तिथून मोठ्या रेल्वेला जात. हा व्यापार कॅलथ्रॉपच्या डोळ्यांत भरला. १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली, १८९७ मध्ये बार्शी रोड म्हणजे आजचे कुर्डुवाडी ते बार्शी गाव एवढी गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला गेली. दुसरे टोक १९०७ मध्ये कसबे तडवळ्यापर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचले. १९२७ मध्ये पंढरपूरचे टोक मिरजेला मिळाले.

कॅलथ्रॉपची खरी हुशारी रुंदीत नव्हती, वजनात होती. हलका रूळ टाकायचा, म्हणजे खर्च कमी. पण हलक्या रुळावर जड इंजिन चढले तर रूळ वाकणार. त्याने असा नियम केला की इंजिन असो की मालाचा डबा, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याच्यासाठी जी इंजिने बांधली त्यांना पुढे चार जोड्या जोडचाके आणि मागे दोन जोड्या आधारचाके होती. सहा आस, म्हणजे फार तर तीस टन. भार सगळ्या चाकांवर सारखा वाटला की अशक्त रूळसुद्धा मोठे ओझे सोसतो, हे गणित त्याने करून दाखवले. लीड्सजवळ न्यूले येथे तात्पुरता रूळ टाकून ही गाडी आधी चालवून पाहिली आणि मग तिला समुद्रावर घातले.

भार सगळ्यांवर सारखा वाटण्याचे हे तत्त्व इंजिनाच्या चाकांना लागू झाले. ज्या समाजात ते इंजिन उतरले तिथे भार वाटण्याचे गणित वेगळे होते. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्या रचनेत सर्वांत खालच्या आसावर सर्वांत जास्त वजन पडते आणि तो आस मोडला तर दुसरा घातला जातो.

माझे आजोबा एका जंक्शनच्या मालधक्क्यावर हमाल होते. जंक्शनचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी सगळीच जंक्शने सारखी. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटे खाली होता. कापसाच्या गासड्या, शेंगदाण्याची पोती हा रोजचा माल. पण त्यांच्या बोलण्यात यायचे ते 'मशनीचे दिवस'. पेटी मोठी असली की मुकादम जास्तीची माणसे बोलावी. लाकडी ओंडके खाली घालायचे, पहारीने पेटीचे टोक उचलायचे, दोरखंड कप्पीतून ओढायचा, मागच्या माणसाने मोकळा झालेला ओंडका उचलून पुढे पळायचे. एकाने 'हैशा' म्हणायचे आणि बाकीच्यांनी जोर लावायचा. आजोबा सांगत, पेटी सरकताना कुणाच्या हाताला कुणाचा हात लागतो, कुणाचा घाम कुणाच्या अंगावर पडतो, हे कुणी पाहत नसे. वीस माणसे एका दोराला. पेटी डब्यात बसली, मुकादमाने बिडी पेटवली, की पाणी. पाण्याच्या वेळी मात्र रांगा दोन. आजोबांच्या रांगेला पाणी वरून ओतले जाई, ओंजळीत.

ते हे रागाने सांगत नसत. मला राग यायचा तो त्यांच्या शांतपणाचा.

आपल्याकडे रेल्वेच्या खालच्या नोकरांत 'खलाशी' नावाचा एक दर्जा आहे. खलाशी म्हणजे मुळात जहाजावरचा माणूस. दोर, कप्पी, शीड, नांगर हे त्याचे काम. जड वस्तू दोराने उचलण्याची विद्या जहाजावरून जमिनीवर आली, तेव्हा नावही तिच्याबरोबर आले, आणि ज्याने उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही असा बालाघाटावरचा माणूस रेल्वेच्या हजेरीपटावर खलाशी झाला. गंमत अशी की धर्मशास्त्राने समुद्रगमन निषिद्ध ठरवलेले. विलायतेहून परतलेल्या सवर्णाला प्रायश्चित्त घ्यावे लागे. किटसनचे इंजिन तोच समुद्र ओलांडून आले, म्लेंच्छांच्या हातांनी घडलेले, म्लेंच्छांच्या जहाजातून. त्याला कुणी प्रायश्चित्त मागितले नाही. उलट खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागले, झेंडूची माळ पडली, नारळ फुटला. आणि ज्यांनी त्याला खांदा दिला त्यांचा स्पर्श नारळाच्या खोबऱ्याला चालत नव्हता. यंत्राला जात नसते, असे आपण भाबडेपणाने म्हणतो. भारतात आल्यावर यंत्र सवर्ण होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

ही केवळ भावनेची गोष्ट नाही, याला पुरावा मनमाडचाच आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत, १२ आणि १३ तारखेला, जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद मनमाडला भरली. या परिषदेतील बाबासाहेबांचे भाषण ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत या मांडणीसाठी प्रसिद्ध आहे, आणि ते योग्यच आहे. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जात एवढाच अर्थ त्यांना अभिप्रेत नव्हता; स्वातंत्र्य, समता, बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मण्य, आणि ते सर्व जातींत मुरलेले आहे, हे त्यांनी तिथेच स्पष्ट केले. पण त्याच भाषणात रेल्वेच्या नोकऱ्यांविषयी जे आले आहे ते आपण पुरेसे वाचत नाही. अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. बढतीची वाट त्याला बंद. स्टेशनावरचा पोर्टर होणेही त्याला कठीण. का? पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचे कामही करावे लागते. मास्तर सवर्ण, त्याच्या घरात अस्पृश्य पोर्टर कसा चालणार! म्हणजे कंदील दाखवणे, घंटा वाजवणे या कामात विटाळ कुठेच नव्हता. विटाळ मास्तरच्या स्वयंपाकघरात होता, आणि त्या स्वयंपाकघराने रेल्वेच्या नोकरीचा नियम ठरवला.

मनमाड हे परिषदेसाठी निवडलेले ठिकाण होते, कारण तिथे रेल्वे कामगारांची मोठी वस्ती होती. मला त्यात आणखी एक अर्थ दिसतो. मनमाड म्हणजे मराठवाड्याची चौकट. विलायतेहून नांदेडकडे निघालेला माल इथेच उंबरठा ओलांडत असे, आणि ज्या माणसांनी तो ओलांडून दिला त्यांनीच इथे आपली परिषद भरवली.

नांदेडला काय आले? निजाम मीर उस्मान अलींच्या नावाने १९२० नंतरच्या दशकात इथे उस्मानशाही मिल उभी राहिली. सूतगिरणी आणि कापडगिरणी उभी करणे म्हणजे त्या काळी लँकेशायरचे एक तुकडीबंद गाव आणण्यासारखे होते. चात्या, माग, पिंजणयंत्रे पेट्यांतून येत. ती सुटी होत. बॉयलर सुटा होत नाही. सर्वसाधारण लँकेशायर बॉयलर तीस फूट लांब आणि आठ फूट व्यासाचा, एकसंध लोखंडी पिंप. तो मीटर रुंदीच्या रुळावर चढवणे हीच एक लढाई, आणि स्टेशनापासून गिरणीच्या जागेपर्यंत तर रूळही नाही. तिथे पुन्हा ओंडके, पहारी, दोर आणि माणसे. त्याआधीच नांदेड, परभणी, लातूर भागांत जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले होते. कापूस दाबण्याचा प्रेस हा भरीव ओतीव लोखंडाचा. तो का आणला गेला, हेही समजून घेण्यासारखे आहे. जहाजाचे भाडे कापसाला जागेवर पडते. सैल कापूस नेला तर जहाजात हवाच जास्त जाते. म्हणून कापूस दाबून दगडासारखी गासडी करायची, म्हणजे तेवढ्याच जागेत अधिक कापूस लिव्हरपूलला. आमच्या भागात आलेले सर्वांत जड यंत्र आमचा माल बाहेर नेणे स्वस्त व्हावे यासाठी आले. त्या जिनात सरकी वेचायला, कापूस पसरायला दलित-बहुजन बाया असत. नाकातोंडात कापसाचे तंतू आणि पदरात पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमी पैसे.

गिरणीपाशी आल्यावर मागाविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. लँकेशायरच्या साध्या मागात धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धोट्याच्या छिद्रातून सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यायचे. इंग्लंडात याला धोट्याचे चुंबन म्हणत. त्याने रोग पसरतो, दात किडतात, म्हणून तिकडच्या कामगारांनी आणि डॉक्टरांनी त्याविरुद्ध तक्रार केली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली त्याला कायद्याने बंदी घातली. खुद्द इंग्लंडात नियम व्हायला १९५२ उजाडले. तोच धोटा मुंबईला आला तेव्हा त्याच्याभोवती रोगाचा प्रश्न उभा राहिला नाही, विटाळाचा उभा राहिला. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला सवर्णाने तोंड कसे लावायचे? तेव्हा अस्पृश्याला विणकाम खात्यातच घ्यायचे नाही, हा तोडगा निघाला. आणि विणकाम खाते म्हणजे गिरणीतले जास्त पगाराचे खाते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला, तेव्हा कामगार एकजुटीच्या पुढाऱ्यांची मोठी अडचण झाली. वर्गाच्या एकजुटीला एका सुताच्या टोकाने गाठ मारली होती. छिद्रातून सूत आपोआप ओवले जाईल असा नॉर्थ्रॉपचा माग अमेरिकेत १८९५ च्या सुमारासच बाजारात आला होता. तो आणला असता तर निदान ही सबब उरली नसती. मालकाला तो महाग वाटला असेल. सवर्ण कामगाराला त्याची गरज वाटली नाही, हे मला अधिक बोचते.

यावरून कुणी असा निष्कर्ष काढू नये की प्रस्तुत लेखक यंत्राच्या विरोधात आहे. चरखा आणि खेडे यांचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात जे उत्तर दिले, ते आजही कुणी खोडलेले नाही. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती येते. ज्याला पशूसारखे राबावे लागते त्याला संस्कृती कुठली? यंत्राचे दुष्परिणाम यंत्राचे नसून ते ज्या समाजरचनेत वापरले जाते तिचे आहेत, ही त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि वीज व जलसंपत्ती ही कामेही त्यांच्याकडे होती. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत स्थापन झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्याच काळातली. परदेशातून जड यंत्रसामग्री आणणे हे त्यांच्या दृष्टीने पाप नव्हते, ती निकड होती. आणि त्याच वर्षांत अस्पृश्य विद्यार्थ्यांना सरकारी शिष्यवृत्ती देऊन परदेशी शिकायला पाठवण्याचा आग्रह त्यांनी धरला होता. यंत्र इकडे यायचे असेल तर ते चालवण्याची विद्या घ्यायला आमची मुले तिकडे गेली पाहिजेत, हा व्यवहार त्यांना दिसत होता. आमच्या इतिहासकारांना यातला एकच प्रवास दिसतो.

रेल्वेचेही तसेच. तिने आमच्या माणसाला खालच्या पायरीवर ठेवले हे खरे. पण ती पायरी गावकुसाबाहेरच्या पायरीपेक्षा वर होती, हेही खरेच. गावात महाराने अधिकाऱ्याचे ओझे वाहायचे ते वेठीने. बलुत्याच्या भाकरीवर, वतनाच्या नावाखाली. रेल्वेत ओझे वाहिले तर महिन्याला रोख पैसे. ओझे तेच, पाठ तीच. पण पैसा रोख आला की माणूस गावाला 'नाही' म्हणू शकतो. १९०७ साली ज्या कसबे तडवळ्याला बार्शी लाइटचा रूळ पोहोचला, त्याच कसबे तडवळ्यात फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला हजर राहिले. निजामाच्या हद्दीतले ते खेडे. वेठीच्या गुलामगिरीविरुद्ध बोलण्यासाठी निवडलेले गाव रुळावरचे होते, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. रूळ मालासाठी टाकला होता. त्यावरून विचारही येतो, हे कंपनीच्या भागीदारांना ठाऊक नव्हते.

कॅलथ्रॉपची एक गोष्ट सांगायची राहिली. तो पुढे इंग्लंडला परत गेला आणि तिथे लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्यातली अडीच फुटी रेल्वे त्याने बांधली. ती १९०४ साली सुरू झाली. तिथेही मोठा रूळ आणि लहान रूळ यांची गाठ होती. तिथे त्याने काय केले? मोठ्या रुळाचा आख्खा डबा जसाच्या तसा लहान रुळाच्या खास गाडीवर चढवून न्यायची सोय केली. माल उतरवणे नको, चढवणे नको. इंग्लंडात हमाली महाग होती, म्हणून ती वाचवायला डोके लढवावे लागले. कुर्डुवाडीला मात्र फलाटावरची हमाली चालू राहिली. १९५४ च्या १ जानेवारीला सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतल्यावरही चालू राहिली. स्वस्त पाठ उपलब्ध असली की बुद्धीला काम उरत नाही. आपल्या देशात शोध का लागले नाहीत याची चर्चा विद्वान करतात तेव्हा त्यांनी एकदा या फलाटावर उभे राहावे.

मराठवाड्याचे रूळ रुंद व्हायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. नांदेडचा मनमाडकडचा मार्ग त्या शेवटच्या दशकात बदलला. लातूरची अडीच फुटी गाडी बंद होऊन मोठा रूळ उस्मानाबादवरून कुर्डुवाडीला २००८ मध्ये जोडला गेला. नांदेडची गिरणी १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. ज्या यंत्रांना आणायला एवढा खटाटोप झाला, ती भंगाराच्या भावाने जातात तेव्हा त्यांना तोडायलाही तीच माणसे लागतात. गॅसकटर हातात, डोळ्यांना चष्मा नाही.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी घेऊन आगगाडी आली, तेव्हा साऱ्या देशाचे लक्ष तिकडे होते. पहिल्या खेपेला दहा टाक्या, प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर. नंतर पन्नास टाक्यांची गाडी. ती मिरजेहून निघे, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी करीत ३४२ किलोमीटर चालून लातूरला येई. वाचकांनी हा मार्ग पुन्हा वाचावा. मिरज ते लातूर ही बहुतांशी कॅलथ्रॉपच्या बार्शी लाइटचीच वाट आहे, रुंद केलेली. एकेकाळी या वाटेने आमचा कापूस आणि शेंगदाणा बाहेर गेला. पाणी आले ते एकशे पाच वर्षांनी, आणि तेही गाडीतून. रूळ जुन्या रुंदीचे राहिले असते तर एवढ्या टाक्यांचे पाणी कुर्डुवाडीला फलाटावर कुणी बदलले असते, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

आता लातूरजवळ हरंगुळला रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना उभा आहे. ३१ मार्च २०१८ ला त्याची पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा तिथे तयार झाला. रशियन कंपनी आणि भारतीय रेल्वेची एक सार्वजनिक कंपनी यांच्या संयुक्त संस्थेला वंदे भारत गाड्यांचे शयनयान डबे बांधण्याचे कंत्राट २०२३ मध्ये मिळाले; डबे १,९२०. नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि काही उपकरणे अमेरिकेतून यायची. या भूमीत यंत्र पुन्हा एकदा समुद्र ओलांडून येणार आहे आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. पण १९३८ चा मनमाडचा प्रश्न जसाच्या तसा पुढे ठेवावा लागतो. जमीन सरकारची, कारखाना सरकारचा, चालवणार मात्र कंपनी. मग आरक्षणाचा कायदा फाटकापर्यंतच लागू होणार काय? वेल्डर आणि फिटर कोण होणार, आणि फाटकावर व झाडूवर कोण राहणार? जाहिराती आल्या की हजेरीपट पाहावा. १९३८ साली मनमाडला बाबासाहेबांनी तेच केले होते.

गेल्या हिवाळ्यात लातूरहून बार्शीकडे रात्रीच्या एसटीने जात होतो. मध्येच गाडी थांबली. पुढे पवनचक्कीचे पाते चालले होते. एकच पाते, पण एसटीतून त्याचे दुसरे टोक दिसत नव्हते. खाली कितीतरी आसांचा ट्रेलर, प्रत्येक आसावर सारखा भार; कॅलथ्रॉपचाच नियम, आता डांबरी रस्त्यावर. वळणावर तासभर गेला. ट्रेलरच्या पुढे दोघे जण चालत होते, हातात लांब कोरडे बांबू. रस्त्यावर विजेची तार आडवी आली की बांबूने ती वर उचलायची आणि पाते खालून जाऊ द्यायचे. हातात मोजे नव्हते, पायात रबरी चपला. खाली उतरून मी त्यातल्या तरुणाला बिडी दिली. पलीकडच्याच तालुक्यातला, आमच्यातलाच निघाला. रोजंदारी ठेकेदाराची, ठेकेदाराला कुणाची ते त्याला माहीत नव्हते. पाते कुठून आले, असे विचारले. म्हणाला, "ते न्हाई सांगता येत. पुढं मात्र अजून सात तारा हैत." आणि बिडी कानावर खोचून तो बांबू घेऊन पुढच्या खांबाकडे गेला.